आत्याची कवळी आणि साउंडवाली रत्नप्रभा

सापगावात साउंडवाल्याचं घर विचारा, लोक रत्नप्रभाच्या घराकडे बोट दाखवतील. आणि विचारणारा तिच्याच दारात उभा राहून तिलाच विचारील, "भाऊ आहेत का?" भाऊ म्हणजे तिचा नवरा महेंद्र. तो बहुतेक वेळा वाशिंदच्या कारखान्यात पाळीवर असतो, आणि घरी असला तरी त्याचा उपयोग टेम्पो चालवण्यापुरता. पूर्वी रत्नप्रभा हे सगळं समजावून सांगत बसायची. आता सांगत नाही. "तारीख बोला," एवढंच म्हणते.

साउंडची हौस मूळची महेंद्रची. लग्नानंतर त्याने मित्रांबरोबर बॉक्स, मिक्सर, माइक जमवले. मित्र पांगले, बॉक्स पडवीत राहिले. कार्यक्रमाहून आला की महेंद्र वायरींचा गुंता तसाच कोपऱ्यात फेकायचा. रत्नप्रभाला गुंता बघवत नाही, मग तो वायरीचा असो की बोलण्याचा. ती सोडवायला बसायची, पीळ न पडता वेटोळी करायची, आणि कुठली वायर कुठून निघून कुठे जाते ते त्या नादात शिकून गेली. एका लग्नाच्या दिवशी महेंद्रला पाळी बदलून मिळेना, तेव्हा टेम्पोत बसून तीच गेली. मंडपात लोक तिच्या पाठीमागे साउंडवाला शोधत होते. नवरदेवाच्या मित्रांनी आवाज वाढवायला हुज्जत घातली, तिने वाढवला नाही. पण नवरीचा मामा चार शब्द बोलला ते शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना नीट समजले, आणि पुढची तारीख त्या म्हाताऱ्यांनीच दिली. शहापूर-मुरबाड पट्ट्यात दणदणाट करायला दुसरे पुष्कळ आहेत. शब्द ऐकू यायला हवे असतील तर रत्नप्रभाला बोलावतात. हे ती स्वतः तोंडाने सांगते. खोटा विनय तिला जमत नाही, आणि जमवायचं काही कारणही नाही.

म्हणूनच जांभूळखोऱ्यात जे झालं ते तिला फार लागलं.

जांभूळखोरे हे तिचं माहेर, मुरबाडहून सिद्धगडाच्या अंगाला आत. तिथल्या विहारात वंदना सांगते ती तिची सख्खी आत्या, गोजाबाई. वाडीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गोजाबाई आईच्या कडेवर होती. वडिलांनी वंदना आधी स्वतः पाठ केली आणि मग गुरांमागे चालता चालता लेकीकडून करून घेतली. लग्न होऊन ती गावातच राहिली, त्यामुळे विहार कधी सुटला नाही. पुढे कोणी बसायचं याची तिथे निवडणूक झालेली नाही. ती पुढे म्हणते, वाडी मागे म्हणते, झालं. आज तिथे जेवढी कर्ती माणसं आहेत त्या सगळ्यांनी वंदना तिच्या तोंडून उचलली आहे. रत्नप्रभानेही.

गेल्या काही वर्षांत आत्याचे पुढचे दात गेले आणि शब्द ओले, पसरट व्हायला लागले. रत्नप्रभाने तिला शहापूरला नेऊन कवळी करून दिली. आत्या खूश झाली. हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय एका आठवड्यात मोडली. भेटेल त्याला सांगायची, "भाचीनं दात दिले मला."

पण नवी कवळी आणि जुनी जीभ यांचं अजून जमायचं होतं. 'स' म्हटला की दोघींच्या मधल्या फटीतून हवा निसटायची आणि बारीक शिट्टी वाजायची. ओट्यावर बसून बोलताना ती कोणाच्या लक्षातही येत नसे. माइकच्या मात्र सगळं लक्षात येतं. त्यात पत्र्याची जुनी शेड पाडून नवा विहार उभा राहिलेला. खाली गुळगुळीत लादी, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या. आवाज एकदा निघाला की भिंतींवर आपटून परत परत अंगावर येतो. आणि वंदनेत तर पावलोपावली 'स'. सरणं, सम्मा, सिक्खापदं, समादियामि.

भीमजयंतीच्या सकाळी विहार भरला होता. साउंड अर्थातच रत्नप्रभाचा, माहेरचं काम म्हणून सगळ्यात चांगले बॉक्स आणलेले. आत्याने हात जोडले आणि पहिल्याच ओळीच्या 'तस्स'ला अशी शिट्टी सुटली की दाराबाहेर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. पुढच्या बायकांनी कानांवर हात नेले आणि लाजून परत जोडले. मागच्या पोरांनी तर प्रत्येक 'स'ला आपापली शिट्टी जोडून दिली. रत्नप्रभाने ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची पट्टी, उतरवला, तेव्हा शिट्टी थोडी दबली पण शब्दही गोधडीत शिरले. मागच्या रांगांना काय म्हणायचं तेच कळेना, त्या गप्प झाल्या. आत्या थांबली नाही. पाचही शिलं, म्हणजे पंचशीलाची पाच वचनं, पूर्ण केली, बाहेर आली, कवळी काढली आणि पदराच्या गाठीत बांधून घरी गेली.

त्यानंतर विहाराच्या मंडळाचा चिटणीस जीवन, त्याचा फोन आला. जीवन रत्नप्रभाहून लहान, गावनात्याने भाऊ, मनाने चांगला. त्याने फार आढेवेढे घेत सांगितलं की वैशाख पौर्णिमेला नव्या विहाराचं उद्घाटन आहे, आजूबाजूच्या गावांची माणसं येणार, मंडळाने वंदना पेनड्राइव्हवर लावायचं ठरवलं आहे. शहरातल्या कोणाची तरी छान रेकॉर्ड आहे. तिने फक्त लावायची.

"शिट्टी माज्या बॉक्समधून येते आणि काढता आत्याला?" रत्नप्रभा म्हणाली. सासरी ती शिकल्यासारखं बोलते, रागावली की माहेरचं तोंड उघडतं.

जीवन म्हणाला, एकदा पेनड्राइव्ह लागला की पुढे तेच चालू ठेवायचं असं काही ठरलेलं नाही. हे ऐकून तिला पक्कं कळलं की पुढे तेच चालू राहणार. पौर्णिमेआधी एकदा ऐकून घ्या, शिट्टी आली तर तुमचा पेनड्राइव्ह मी स्वतः लावीन, एवढं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

कल्याणला ज्या कारागिराकडे ती बॉक्स दुरुस्तीला नेते, त्याने तिला एक छोटं यंत्र वापरून बघायला दिलं. धंद्यात त्याला डी-एसर म्हणतात. आवाजाच्या वरच्या पट्टीत जिथे 'स'ची धार असते तेवढ्यावरच ते कान ठेवतं. धार हाताबाहेर गेली की क्षणभर तेवढीच दाबतं आणि लगेच सोडून देतं. बैलाच्या वेसणीसारखं. सरळ चालतोय तोवर दोर सैल, उधळला की ओढ. मुख्य बटणं दोनच. कुठल्या उंचीवरचा आवाज धरायचा ते एक, आणि किती उधळल्यावर ओढायचं ते दुसरं. ओढलं की लाल दिवा लुकलुकतो. ट्रेबल उतरवणं म्हणजे बैल सोडून गाडीच मोडून ठेवणं. हे त्याहून शहाणपणाचं होतं.

पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात महेंद्रने तिला बॉक्ससकट टेम्पोने जांभूळखोऱ्यात सोडलं आणि पाळी गाठायला तो परत गेला. रत्नप्रभाने रिकाम्या विहारात बॉक्स लावले, माइक हातात घेतला आणि अख्ख्या जिल्ह्यातले साउंडवाले करतात तेच केलं: हॅलो, हॅलो, चेक, वन, टू. लाल दिवा काही लागेना. तिने बटण पिळलं. हॅलो, हॅलो. अजून पिळलं. शेवटी 'चेक'च्या 'च'ला दिवा लागायला लागला, तेव्हा तिचं समाधान झालं आणि तिने जीवनला आणि आत्याला बोलावणं पाठवलं.

आत्या कवळी घालून आली, माइकसमोर उभी राहिली.

"म्हण वंदना," रत्नप्रभा म्हणाली.

"आत्ता?"

"टेस्टिंग आहे. जीवनला ऐकवायचंय."

आत्याने माइककडे पाहिलं, मग भाचीकडे. "वंदना काय टेस्टिंगला म्हनतात गो? शील घेतलं म्हंजे घेतलं. ते काय तुजं हॅलो हॅलो हाय?"

जीवनने समजूत घालून पाहिली. आत्या ढिम्म. मग काहीतरी बोल तरी, असं म्हटल्यावर तिने माइकवर सापगावच्या सासरची खुशाली विचारली. आणि विहारभर असा आवाज आला की बोलणारीच्या तोंडात एकही दात नाही. यंत्राने सगळे 'स' मुळापासून खाल्ले होते. सासू, सून, सासरा, सगळ्यांचं थुंथुं झालं.

आत्या दचकली. कवळी जागेवर आहे ना हे तिने बोटाने चाचपलं. "रत्ने, माजे दात काढलेस काय गो?"

जीवनला हसू आवरेना. दारात जमलेल्या बायकाही हसल्या. हसून झाल्यावर जीवन हळूच म्हणाला, "ताई, राहू दे. आत्याला कशाला त्रास." आणि तो मंडपवाल्याला फोन करायला निघून गेला. आत्या पायरीवर जाऊन बसली. "लावा की पेनड्राइव्ह," ती बाहेरच्या आंब्याकडे बघत म्हणाली. "माजं काय अडतंय?" तिचं काय अडत होतं ते तिला माहीत होतं आणि रत्नप्रभालाही.

रत्नप्रभा स्वतःवर चिडली. चूक धडधडीत होती. हॅलो चेक वन टू, यात 'स' आहेच कुठे? जे आवरायचं तेच न म्हणता तिने यंत्र लावलं होतं, आणि तेही स्वतःच्या आवाजावर, स्वतःच्या धड दातांवर. लगाम घोड्याच्या तोंडाचा, मापं घेतली गाढवाची. इतकी वर्षं ती हॅलो चेक करत आली आणि एकदाही हे डोक्यात आलं नाही. शिवाय आत्याची गप्पांची पट्टी वेगळी, वंदनेची वेगळी. वंदनेवरच लावलं तर लागेल.

ती पायरीवर आत्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, एकदा म्हण, मी फोनवर भरून घेते, मग तुला त्रास नाही, मी त्याच्यावर रात्रंदिवस बटणं फिरवत बसेन.

आत्या मान हलवून नाही म्हणाली. "आज तू भरशील. मागनं जीवन तोच लावील. मग मी जिती असून काय, नसून काय?"

 म्हातारीचं खरं होतं.  रत्नप्रभा उठली, नळावर पाय धुतले, विहारात जाऊन सतरंजी अंथरली आणि हात जोडून बसली.

"टेस्टिंग नको," ती म्हणाली. "मला शील दे."

आत्याने तिला नीट पारखून पाहिलं. चेष्टा आहे का, बनवाबनवी आहे का. संध्याकाळ होतच आली होती, वंदनेची वेळ होती. ती आत आली, मेणबत्ती लावली, माइकपुढे उभी राहिली.

यात एक अडचण होती आणि ती रत्नप्रभाच्या बसल्यावर लक्षात आली. शील घेणाऱ्याचे हात जोडलेले असतात. बटणं तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि हात लावायची सोय नाही. तिने यंत्र निदान दिसेल असं ठेवलं होतं, लाल दिव्यावर नजर ठेवून ती मागून म्हणायला लागली. पहिल्या सरणालाच, बुद्धाला शरण जायच्या ओळीलाच, आत्या थांबली.

"डोळे मीट."

डोळेही गेले. राहिले ते कान.

आणि मग तिला ऐकू आलं. जयंतीच्या गर्दीत, मिक्सरवर वाकून, घाबरून जे ऐकू आलं नव्हतं ते. शिट्टी प्रत्येक 'स'ला सारखी नव्हती. आत्या प्रत्येक सरणाला वाकते. लहानपणापासून वाकते, रत्नप्रभाने हजारदा पाहिलं होतं. वाकली की तोंड थेट माइकवर येतं आणि तिथलाच 'स' फुटतो. उभी असते तेव्हा नुसती बारीक सुई टोचते. म्हणजे दुखणी दोन होती. एकाला यंत्र, दुसऱ्याला नुसता स्टँड.

वंदना संपली, तिने नमस्कार केला आणि मगच उठून स्टँड खाली घेतला, एका बाजूला तिरका केला, म्हणजे आत्या वाकली की श्वास माइकच्या शेजारून जाईल. यंत्राचं पहिलं बटण थोडं वर नेलं, दुसरं बरंच सैल केलं. बरोबर झालं की नाही हे आता कळणार नव्हतं. ते सकाळच्या वंदनेला.

ती माहेरी राहिली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोघी विहारात. हात जोडून ऐकायचं, मग उठून केसभर फिरवायचं. एका सकाळी शिट्टी गेली पण 'सम्मा'चा 'स' बोथट लागला, तिने ओढ कमी केली. संध्याकाळी पुन्हा टोचलं, तिने उंचीचं बटण किंचित सरकवलं. आत्या यातलं काही विचारत नव्हती, पण कवळी आता गाठीत नसायची, आणि वेळ व्हायच्या आधीच ती विहाराच्या पायरीवर येऊन बसलेली असायची. महेंद्रने फोनवर चिडवलं, एवढं शील घेतलंस, आता गिऱ्हाइकाला खोटा टाइम सांगता यायचा नाही. रत्नप्रभा म्हणाली, खोटे टाइम तुम्ही सांगता, मी नाही.

एका संध्याकाळी आत्या तिसऱ्या शिलावर होती तेव्हा रत्नप्रभाच्या मागून पुरुषी आवाजात उत्तर आलं. तिने डोळे उघडले नाहीत. वंदना संपल्यावर वळून पाहिलं तर जीवन. माळा लावायला आला होता. लाइटच्या माळांचं वेटोळं दारात पडलेलं, चपला बाहेर, आणि तो सगळ्यात मागे लादीवर मांडी घालून बसलेला.  त्याने उठून आत्याला वाकून नमस्कार केला आणि माळा उचलल्या. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "ताई, पेनड्राइव्ह मी घरीच ठेवतो."

"बरं," रत्नप्रभा म्हणाली.

पौर्णिमेला सकाळपासून माणूस येत होता. मुरबाडकडून, किन्हवलीकडून, टेम्पो भरभरून. विहारात पाय ठेवायला जागा उरली नाही, काही लोक खिडक्यांच्या बाहेर उभे. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, सगळी लादी झाकून गेली. माणसांची अंगं आवाज पितात हे रत्नप्रभाला ठाऊक होतं. आत्या सुरुवात करायच्या आत तिने दुसरं बटण थोडं सैल सोडलं. मग मिक्सरपासून हात काढले आणि जोडले. भरल्या कार्यक्रमात मिक्सरवरचा हात काढायची तिची ही पहिलीच वेळ होती.

आत्या उठली. नवीन लुगडं, ताठ मान. तिने श्वास घेतला आणि 'तस्स' म्हणाली.

तो 'स' जसा असायला हवा तसा आला. धारदार, स्वच्छ, पाऊलभरही पुढे न धावणारा. काचांनी तो परत फेकला नाही. खिडकीबाहेरची माणसं मागून म्हणायला लागली, म्हणजे त्यांनाही शब्द न् शब्द पोचत होता. आत्या सरणाला वाकली, अख्खा विहार वाकला, आणि माइकच्या शेजारून तिचा श्वास निघून गेला. पाच शिलं झाली. जयंतीला शिट्ट्या घालणारी पोरं पुढच्या रांगेत बसवली होती. ती सगळ्यात मोठ्याने म्हणत होती, तोंडं वासून, आत्याच्याच चालीत, तिच्याच ठेक्यात.  रत्नप्रभाने मिक्सरकडे न बघता म्हणणं चालू ठेवलं, कारण मध्ये थांबलेलं आत्याला चालत नाही.

वंदना संपली. शेजारच्या गावातली एक म्हातारी पुढे सरकून आत्याचा हात धरून विचारत होती, आमच्या विहारात कधी याल. आत्या सगळे दात दाखवून हसत होती आणि भाचीला विचारून सांगते म्हणत होती, साउंड तिचा असेल तरच येईन.

तेवढ्यात जीवन आभार मानायला उठला. समोर होता म्हणून त्याने आत्याचाच स्टँड ओढला, माइक सरळ केला आणि तोंडाला लावून सुरुवात केली. यंत्र त्याच माइकला जोडलेलं आणि आत्याच्या कवळीच्या मापाचं. जीवनचा आवाज जाड, दात धड, आणि तो माइक जवळजवळ गिळूनच बोलणारा. त्याच्या तोंडातून सर्व उपासक, उपासिका, सरपंच, सदस्य, सगळे पान खाल्ल्यासारखे यायला लागले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तो थांबला. माइकवर टिचकी मारली, पुन्हा बोलून पाहिलं, आणि मिक्सरकडे वळला.

"ताई, माझा आवाज असा का येतोय?"

बटण फिरवणं क्षणाचं काम होतं. रत्नप्रभाने हात उचलला नाही.

"तो माइक आत्याचा आहे, जीवन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुझा तिकडे ठेवलाय, दाराजवळ."

जीवनने मान डोलावली. त्याने स्टँड उचलून होता तिथे नेला, माइक पुन्हा खाली घेतला, पुन्हा तिरका केला, आत्याकडे बघून बरोबर आहे ना विचारलं, आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे गेला.